छऱ्याच्या बंदुकीचं वय

दिवाळी आणि पिस्तूल यांचं आपल्याकडे जुनं नातं आहे. टिकल्यांची पत्र्याची पिस्तुलं घेऊन आपण सगळेच कधी ना कधी अंगणभर धावलो आहोत. तरीही आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मृणाल जेव्हा म्हणाली, "काकू, तुमच्या बंदुकांवर लिहा," तेव्हा मला हसू आलं. फराळाच्या रेसिपींशेजारी बंदुका शोभतील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, रेसिपी ढीगभर आल्यात, बंदूक अजून एकही नाही आली. म्हणून लिहिते आहे.

माझ्या बंदुका म्हणजे छऱ्याच्या. गावच्या उरुसात फुगे फोडायला जी हातात देतात, तिची जुनी, खानदानी भावंडं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एअरगन गोळा करणारी माणसं अमेरिकेत बरीच आहेत, आणि अशा बंदुका दुरुस्त करणं, त्यांची पारख करणं हे माझं काम. इथे नोव्हाय गावातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझं वर्कशॉप आहे. तिथे लोणच्याच्या बरण्यांमध्ये स्प्रिंगा, स्क्रू आणि चामड्याचे तुकडे भरून ठेवलेले असतात. पाहुणे खाली उतरले की आधी बरण्या बघतात, मग माझ्याकडे.

यात मी कशी पडले, हे सगळे विचारतात. माझी नोकरी गाड्यांची सील बनवणाऱ्या कंपनीत झाली. इंजिनातलं तेल, ब्रेकमधलं ऑइल, एसीतला गॅस जिथून गळू नये तिथून ते गळू न देणं, एवढंच मी आयुष्यभर केलं. आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये वॉल्ट नावाचा एक उंच, कमी बोलणारा सहकारी होता. त्याने एकदा वडिलांचं एअर पिस्तूल आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. त्यातून छर्रा निघायचा तो पायाशी पडायचा. मी ते उघडलं, आणि आतला भाग बघून मला एकदम कराडच्या आमच्या घरातला सायकलचा पंप आठवला. दांड्याच्या टोकाला चामड्याची उलटी वाटी, जिला आम्ही वायसर म्हणायचो. ती वाळली की पंप नुसता फुसफुसायचा. मग वडील तिला एरंडेल लावून ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पंप ठणठणीत.

एअरगनमध्ये याहून फार वेगळं काही नसतं. एक जाड स्प्रिंग, तिच्यापुढे दट्ट्या, दट्ट्याच्या तोंडाला चामडं. बंदूक ताणली की स्प्रिंग दबते. चाप ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो, हवा कोंडली जाते आणि छऱ्याला नळीतून ढकलते. दारू नाही, धूर नाही. चामडं मेलं की बंदूक मेली. वॉल्टच्या पिस्तुलात मी नवी वाटी कापून बसवली आणि लॅबमध्येच त्याने एक छर्रा खोक्यात मारला. आमच्या मॅनेजरने तो आवाज ऐकला आणि आम्हा दोघांना आत बोलावलं, तो भाग सोडून देते.

नोकरी सुटल्यावर हेच काम झालं. वर्षातून काही वेळा आर्म्स फेअरला टेबल लावायचं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, फेअरग्राउंडवरचा मोठा हॉल, जिथे एरवी गाई-बकऱ्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे लांबलचक टेबलं आणि त्यांवर बंदुका. दारातच प्रत्येक बंदूक तपासतात आणि चापाभोवती प्लॅस्टिकची पट्टी आवळून टाकतात, म्हणजे ती उडूच नये. आमची एअरगनवाली मंडळी एका कोपऱ्यात असतात. बहुतेक सगळे आजोबा. थर्मास, सँडविच आणि गुडघ्यांच्या तक्रारी. माझ्या टेबलाशी येणारा प्रत्येक नवा माणूस आधी मागे खुर्चीत बसलेल्या श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, प्रश्न विचारतो. श्रीकांत शब्दकोड्यातून डोकं वर न काढता सांगतो, "आय ओन्ली ड्राइव्ह."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. एकाने आजोबांची सुंदर जुनी एअर रायफल मला खूश करायला आरशासारखी चकचकीत पॉलिश करून आणली. सव्वाशे वर्षांनी लोखंडावर जो तपकिरी रंग चढवला होता, तो त्याने एका रविवारी घासून काढला होता, आणि त्याबरोबर तिची अर्धी किंमतही. मी नुसतं नळीवरून बोट फिरवलं. त्याला वाटलं मी भारावले आहे. दुसऱ्या एक बाई एअर पिस्तूल घेऊन आल्या. नवरा गेलेला. विकायचं नव्हतं, चालवायचंही नव्हतं. म्हणाल्या, गराजमधून त्याचा फट् असा आवाज यायचा आणि मला कळायचं तो घरी आहे, तेवढा आवाज परत येईल का? मी ते नीट केलं, त्यांच्यासमोर एकदा उडवलं. त्या मान हलवून म्हणाल्या, थोडा आणखी जड होता. मी स्प्रिंग बदलून पाहिली, वायसर बदललं, तेल बदललं. अगदी तस्सा आवाज मला शेवटपर्यंत जमला नाही. त्या आभार मानून घेऊन गेल्या, पण ती रुखरुख मला आजही आहे.

पण मृणालला मी जी गोष्ट तोंडी सांगितली होती आणि जी ऐकून ती मागे लागली, ती अनिकेतची.

अनिकेत मूळचा नागपूरचा. इथे एका गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, वर्क व्हिसावर. बायको मधुरा, आणि तेव्हा नुकती चालायला लागलेली मुलगी. गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी त्याला सांगितलं की सुनंदाकाकू एअरगन दुरुस्त करतात. पुढच्याच शनिवारी दोघं बाळाला घेऊन आमच्याकडे आली. त्याच्या खांद्यावर गिटारची पिशवी होती.

पिशवीतून एक लांब, सडपातळ रायफल निघाली. शेतावरच्या एका जुन्या घराचं सामान विकायला काढलं होतं, तिथून त्याने ती घेतली होती. लहानपणी नागपूरला मामाकडे एअरगन होती, ती कुणी हातात घेऊ देत नसे, म्हणून आता हौस, असं तो सांगत होता. एअरगन हौशींच्या एका ऑनलाइन ग्रुपवर त्याने बंदूक हातात धरलेले फोटोही टाकले होते, आणि भरपूर लाइक्स आले होते. "काकू, हे बघा न, जोरच नाही हिच्यात," तो म्हणाला.

मी बंदूक वाकात, म्हणजे टेबलाला जोडलेल्या पकडीत, धरली आणि नळीचं मागचं टोक बघितलं. तिथे एक बारीक गोल खाच होती. छऱ्याला अशी खाच लागत नाही. मी त्याला विचारलं, हिच्याबरोबर एखादा सुटा तुकडा मिळाला होता का? हो, म्हणाला, स्पेअर पार्ट आहे वाटतं. पिशवीच्या खिशातून त्याने बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्याला पुढे बारीक टोक होतं.

अशा बंदुकांबद्दल मी ऐकलं होतं, एक-दोन पाहिल्याही होत्या. त्या काळी काही कारखाने दुहेरी बंदूक बनवत. तुकडा काढून ठेवला तर ती छऱ्याची. तुकडा बसवला तर दट्ट्या त्याच्यावर आदळतो, त्याचं टोक बावीस नंबरच्या काडतुसावर बसतं आणि काडतूस उडतं. म्हणजे खरी बंदूक.

बाहेरच्या वाचकांना यात एवढं काय, असं वाटेल. इथे एअरगन कोणीही घेऊ शकतं, कारण केंद्रीय कायद्याच्या लेखी ती बंदूकच नाही. पण वर्क व्हिसावरच्या माणसाने, थोडे अपवाद सोडले तर, खरी बंदूक जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. त्यात अनिकेतच्या ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू काही महिन्यांवर आला होता.

मी हे जमेल तेवढ्या सावकाश सांगितलं. मधुरा बाळाला थोपटत होती, तिचा हात थांबला.

"तू मला एअरगन म्हणाला होतास," ती म्हणाली.

"एअरगनच आहे."

"आणि?"

तिने आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट होतं.

त्याने आधी फोटो डिलीट करायला फोन काढला. मी म्हटलं, काहीही डिलीट करू नकोस, काहीही मोडू नकोस, आधी वकिलाशी बोल. बंदूक माझ्याकडे राहू दे, मी इथली नागरिक आहे, मला चालतं. ती दोघं गेली तेव्हा गिटारची रिकामी पिशवी तशीच आमच्या हॉलमध्ये राहिली.

वकीलबाईंनी सोमवारी फोनवर जे सांगितलं ते अनिकेतने मला जसंच्या तसं कळवलं. कायद्यात एक रेष आहे. अठराशे अठ्ठ्याण्णवपर्यंत बनलेली बंदूक ही पुराणवस्तू धरतात, तिला ही मनाई लागू नाही. त्यानंतरची असेल तर ती साधी बंदूक. तेव्हा प्रश्न एकच: हिचं वय काय? आणि ते जाणकाराने सहीनिशी लिहून द्यायला हवं. जाणकार म्हणजे मी.

अडचण अशी की ज्या कारखान्याची ती होती, त्याने ही बंदूक एकोणिसावं शतक संपायच्या आधीही बनवली आणि नंतरही. नंबर ठोकलेला नाही, कारखान्याची दप्तरं कधीच नाहीशी झालेली. वय ठरवायचं ते नुसत्या बांधणीवरून. आणि बाहेरून दिसणारी बांधणी आमच्या विरोधात होती, कारण तिचा मागचा दर्शक, म्हणजे नेम धरायची खाचेची पट्टी, उशिराच्या नमुन्याचा होता. स्क्रूने बसवलेला. जुन्या नमुन्यात ती पट्टी नळीतच खोबण कापून सरकवलेली असते.

श्रीकांत म्हणाला, जुनी आहे असं लिहून टाक, कोण बघायला येतंय. त्याला त्या बाळाचा लळा लागला होता. खरं सांगायचं तर मलाही तसंच लिहावंसं वाटत होतं, आणि नेमकी त्याचीच मला भीती वाटत होती. जे दिसावंसं वाटतं ते दिसायला लागतं, हे मी लॅबमध्ये किती वेळा पाहिलं होतं. गळणारं सील गळत नाही असा रिपोर्ट लिहिणारे काही लबाड नसतात, त्यांना डेडलाइन असते.

मी अनिकेत-मधुराला बोलावून स्पष्ट सांगितलं. मी जे दिसेल तेच लिहीन. उशिराची निघाली तर तेही लिहीन, आणि मग ते कागद वापरायचे की नाही हे वकीलबाई ठरवतील. मधुरा म्हणाली, "तसंच करा काकू. खोटं लिहिलेलं कुणी उद्या बाहेर काढलं तर ना आम्हाला इथे तोंड दाखवता येईल, ना तुम्हाला."

तिच्याकडून हे ऐकलं आणि माझे हात जरा मोकळे झाले.

पुढची फेअर ओहायोत होती. वॉल्ट तिथे येणार होता. त्या एका पिस्तुलापासून सुरुवात करून त्याने इतक्या बंदुका जमवल्या होत्या की बायकोने वेगळी खोली बांधायला लावली. त्याच्याकडे या दुहेरी बंदुकीचे दोन नमुने होते, एक पहिल्या बांधणीचा, एक नंतरचा. मी त्याला दोन्ही आणायला सांगितलं, पण कशासाठी ते सांगितलं नाही. त्याचं मत कोरं राहायला हवं होतं, आणि माझंही, म्हणून ती बंदूक मी तोवर उघडली नव्हती.

सकाळी हॉल भरायच्या आत आम्ही टेबलावर फ्लॅनेलचं कापड अंथरून तिन्ही बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या. वॉल्टने चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या बंदुकीच्या दर्शकावर बोट ठेवलं आणि म्हणाला, लेट. उशिराची.

मी म्हटलं, उघडू या.

श्रीकांत शब्दकोडं मिटून उभा राहिला. बाहेरून फरक दिसतो तो दर्शकाचा, पण आत आणखी एक फरक असतो. पहिल्या बांधणीत सिलिंडरचं, म्हणजे दट्ट्या सरकतो त्या नळकांड्याचं, मागचं झाकण आडव्या खिळीने अडकवलेलं असतं. पुढे कारखान्याने ते आट्यांचं केलं, बाटलीच्या झाकणासारखं फिरवून बसणारं. त्या आट्यांच्या झाकणाचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून प्रत्येक बंदुकीवर त्या पेटंटचं साल ठोकलं. आमच्या बंदुकीवर ते साल दिसत नव्हतं, पण ते झिजूनही गेलेलं असू शकतं. ते साल कायद्याच्या रेषेच्या चांगलं आधीचं आहे. म्हणजे आट्यांचं झाकण असेल तर बंदूक रेषेच्या अलीकडची की पलीकडची, काहीच सांगता येत नाही. पण खिळीचं झाकण असेल तर ती पेटंटच्याही आधीची, नक्की जुनी.

मी लाकडी दस्ता सोडवला. सिलिंडरच्या शेवटाला तेल आणि धुळीची काळी कीट जमली होती. ती कापडाने पुसत गेले. आटे दिसेनात. एका बाजूला हरभऱ्याएवढा गोल ठिपका दिसला. मी नखाने खरवडला. खिळीचं डोकं होतं.

वॉल्ट वाकला. त्याने स्वतःच्या दोन्ही बंदुकांचे दस्ते काढले, तिन्ही शेवट एकमेकांना लावून पाहिले. मग परत दर्शकाकडे वळला आणि खिशातून भिंग काढलं. मी विचारलं, काय बघतोस? तो म्हणाला, जर ही जुनी असेल तर हिला खोबण असलीच पाहिजे. आणि खोबण होती. कुणीतरी फार पूर्वी ती लोखंडाच्या पट्टीने बुजवून, घासून सपाट केली होती आणि थोडं पुढे नव्या तऱ्हेचा दर्शक स्क्रूने बसवला होता. भिंगाखाली सांधा केसासारखा बारीक दिसत होता. आधीच्या कुणा मालकाला नेम धरायला चांगली पट्टी हवी होती, इतकंच.

मी खुर्चीत बसले. श्रीकांतने थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला. तेव्हा कुठे मी वॉल्टला सगळी हकिकत सांगितली. त्याने भिंग परत खिशात ठेवलं. मग म्हणाला, आधी सांगितलं नाहीस ते बरं केलंस, नाहीतर मी पहिल्याच नजरेत ती जुनी म्हटली असती. तोही सही करायला तयार झाला. कोपऱ्यातल्या आणखी एका जाणत्या संग्राहकाला आम्ही बोलावलं. त्यानेही तिन्ही बंदुका पाहिल्या आणि तेच मत दिलं. हॉलच्या बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून मी फोन लावला. मधुराने उचलला. मी म्हटलं, जुनी आहे. ती म्हणाली, "काकू, एक मिनिट हं," आणि फोन बाजूला ठेवून रडली असावी, कारण पुन्हा आली तेव्हा आवाज वेगळा होता.

मी रिपोर्टमध्ये बदललेल्या दर्शकासकट सगळं लिहिलं, फोटोंसह. वकीलबाईंनी तो फाइलला लावून ठेवला. इंटरव्ह्यूच्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना, म्हणून मी भाजणी भाजायला घेतली आणि ती करपवली. दुपारी अनिकेतचा फोन आला. अधिकाऱ्याने नोकरीचं विचारलं, पत्ता विचारला, मुलीचं नाव कसं उच्चारायचं ते विचारलं. बंदुकीचा विषयच निघाला नाही. ग्रीन कार्ड मंजूर.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच काकू," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

दूर शुगर लँड गावी राहणाऱ्या माझ्या मुलाला ही गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, "आई, प्लीज, नो मोअर गन्स." पण त्यालाही पुढे काय झालं ते ऐकायचं होतंच.

झालं असं की मी बंदूक पुरती दुरुस्त केली. जुनं चामडं वेगळं जपून ठेवलं, नवी वाटी कापली, भिजवली, बसवली. तो पोलादी तुकडा मात्र वॉल्टने संग्रहासाठी मागितला आणि अनिकेतने आनंदाने देऊन टाकला. मग त्याने मला विचारलं, बंदूक तुम्हीच ठेवाल का? त्याला ती बघवत नव्हती. मी काही म्हणायच्या आत मधुराने ती वाकातून उचलली. हिच्यापायी इतके महिने नीट झोपले नाही मी, म्हणाली, निदान कशी चालते ते तरी बघते.

बेसमेंटच्या टोकाला मी जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेलं खोकं ठेवलं आणि त्यावर एक कार्ड टाचलं. दस्ता खांद्याला कसा लावायचा, डोळा कुठे ठेवायचा, ते दाखवलं, आणि एकेक छर्रा तिच्या हातात देत गेले. अनिकेत बाळाला घेऊन माझ्यामागे भिंतीला टेकून उभा राहिला. पहिला छर्रा खोक्यालाही लागला नाही. दुसरा खोक्याच्या कडेला. तिने ओठ मिटून पुन्हा बंदूक ताणली, श्वास रोखला, चाप ओढला, आणि कार्डाच्या बरोबर मध्याशी भोक पडलं.

भोकावरची नजर न हलवता तिने माझ्यापुढे हात पसरला.

"काकू," ती म्हणाली, "अजून एक द्या."